जास्वंदीचा लाल आणि कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल

लालभडक जास्वंदीचा फोटो मोठा करून बघा. पुष्कळदा पाकळीच्या जागी नुसता लाल डाग असतो; शिरा नाहीत, चुण्या नाहीत. लोक लेन्सला दोष देतात. खरी गोम बहुतेक वेळा मेन्यूत असते.

सेन्सरला रंग कळत नाही, प्रकाश किती पडला एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर बसवतात. ही जाळी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. तिच्यात निम्मे फिल्टर हिरवे, पाव लाल, पाव निळे. उरलेले दोन रंग कॅमेरा शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरतो. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, प्रत्येक पिक्सेलला प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोत, प्रत्येक रंगाला जेमतेम २५६ (० ते २५५). ही काटछाट कशी करायची, ते पिक्चर स्टाइल, म्हणजे मेन्यूतली रंग, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेसची तयार मांडणी, ठरवते. कॅननने हे नाव २००५ मध्ये आणलं. निकॉनकडे पिक्चर कंट्रोल आहे, फुजीफिल्मकडे फिल्म सिम्युलेशन.

सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवलं की पाकळीतला लाल आकडा २५५ ला जाऊन टेकतो. २५५ च्या वर जागाच नाही. शिरेचा लाल आणि तिच्या बाजूचा लाल दोन्ही तिथेच अडकले, की फरक संपला आणि शीरही गेली. सॅच्युरेशन दोन घरं खाली आणा किंवा सरळ न्यूट्रल ही सौम्य स्टाइल लावा, शिरा बऱ्याचदा परत दिसतात. शार्पनेसची गंमत वेगळी. तो नवा तपशील आणत नाही, कडेचा काळा-पांढरा फरक तेवढा वाढवतो. फार वाढवला तर कौलांची कड आकाशाला भिडते तिथे पांढरी रेघ उमटते. मला ती रेघ भयंकर खुपते.

‘मी रॉमध्येच काढतो, मला स्टाइलशी काय करायचंय?’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. रॉमधल्या मूळ नोंदीला स्टाइल हात लावत नाही, हे खरंच. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख; डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) सहसा जेपेगवरूनच तयार होतात. स्टाइल भडक असेल तर रॉमध्ये शाबूत असलेला ढगही पडद्यावर जळालेला दिसतो. मग आपण उगाच एक्स्पोजर कमी करतो आणि सावलीत नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, वाढवून बसतो. न्यूट्रल लावून कॉन्ट्रास्ट कमी केला तर पडद्यावरचा फोटो मरगळलेला दिसेल, पण हिस्टोग्राम रॉच्या बराच जवळ येईल.

हिस्टोग्रामही कोणता बघायचा, हा प्रश्न उरतोच. नेहमीचा पांढरा हिस्टोग्राम ब्राइटनेसचा असतो आणि ब्राइटनेसच्या प्रचलित सूत्रात लाल रंगाचा वाटा साधारण ३० टक्केच. त्यामुळे लाल २५५ ला टेकला तरी तो आलेख मध्यावर निवांत बसलेला असतो. फुलं, गुलाल, लाल शालू असलं काही टिपायचं असेल तर मेन्यूतून आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा) हिस्टोग्राम चालू करा आणि त्यातला लाल आलेख उजव्या कडेला चिकटलाय का ते बघा.