राक्षसाच्या हातात पाइप कुठून आला?

वाघाचं डोकं, अंगात उंची कोट, हातात तंबाखू ओढायचा पाइप. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ. त्याच्या १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या जिवांच्या पुस्तकात ‘राक्षस’ या नोंदीसोबत असं चित्र आहे. मजकूर सांगतो की हे दुष्ट जीव पहिल्यांदा भारतात आढळले, आणि धर्मगुरूने मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की ते मरतात.

रामायण ऐकत वाढलेल्याला हा बाण ओळखीचा वाटणार नाही, कारण तो टीव्हीवरून आला. डिसेंबर १९७४ मध्ये ‘कोलचॅक’ या अमेरिकी मालिकेच्या एका भागात असाच राक्षस होता आणि अशाच बाणाने मेला होता. खेळाचा एक निर्माता गॅरी गायगॅक्स याने तो तिथून घेतला. तरी एक गोष्ट एवढ्या प्रवासातही टिकली. खेळातला राक्षस समोरच्याला आपल्या विश्वासातल्या माणसाच्या रूपात दिसतो. वाल्मीकींचा शब्द ‘कामरूपी’, म्हणजे हवं ते रूप घेणारा. सीतेच्या दारात रावण भिक्षुक होऊन येतो, तोच हा धागा, आणि मला तो या नोंदीतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. टेबलावर सैन्य मांडून लढायचे युद्धखेळ हे त्याचं मूळ. पुराणकथा त्यात आल्या त्या वाचनाच्या सवयीतून. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्सने आपल्या प्रेरणा सांगितल्या आहेत: वडिलांनी रचून सांगितलेल्या गोष्टी, ग्रिम बंधू आणि अँड्र्यू लँग यांच्या परीकथा, मग देशोदेशींच्या पुराणकथांचे संग्रह. जे हाताला लागेल ते घ्यायचं, अशी रीत होती. खेळातल्या घुबड-अस्वल या जिवाची मूळ कल्पना तर प्लास्टिकच्या स्वस्त खेळण्यांतून आली.

देवांच्या बाबतीत मात्र ही रीत तोकडी पडली. १९७६ च्या पुरवणीत नॉर्स देव ओडिनला ३०० हिट पॉइंट्स (किती मार सोसून पात्र टिकतं याचा आकडा) मिळाले, १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या देवांच्या पुस्तकात ४००. इंद्र, अग्नी, वरुण, काली यांनाही तसेच आकडे लावले गेले. वरुणाच्या हातात पाश आहे, तो ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा रखवालदार आहे, खोटं बोलणाऱ्याला बांधतो. यावर एक अख्खं साहस रचता येईल. आकड्यांच्या तक्त्यात ते हरवतं.

दुसरी वाट त्याच काळात निघाली. ग्रेग स्टॅफर्डच्या ग्लोरँथा या जगात १९७८ चा ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ घडतो. तिथे पात्र आपल्या देवाच्या पंथाचं असतं, आणि देवाची कथा स्वतः पुन्हा जगून दाखवणं हेच मोठं साहस. पुढे स्वीडनमध्ये योहान एगरक्रान्स यांचं नॉर्डिक लोककथांतल्या जिवांचं सचित्र पुस्तक २०१३ मध्ये आलं, आणि त्यावरून २०२० मध्ये ‘वेसेन’ हा खेळ. त्यातली भुतं तलवारीने संपत नाहीत. प्रत्येकाचा स्वतंत्र विधी असतो आणि तो गावात विचारपूस करून शोधावा लागतो.

लोककथेचं बळ इथेच आहे. ती भुताबरोबर त्याचं कारणही सांगते. आपल्याकडे याचा मोठा साठा कागदावर आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी प्रश्नावली पाठवून गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुती गोळा केल्या. १९०९ मध्ये नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि ते टिपण एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्यांनी १९१५ मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक म्हणून छापलं. वसाहतीच्या कारभाऱ्यांनी केलेलं काम म्हणून ते सावधपणे वाचावं. पण आतली उत्तरं आपल्याच मास्तरांची आहेत.

त्या जगातला मुंजा घ्या. मुंज झालेला, सोडमुंजीआधी वारलेला मुलगा, मुक्काम पिंपळावर. हिट पॉइंट्स किती हे लिहायला पाच मिनिटं पुरतात. पण टेबलाभोवती खेळायला बसलेल्या चौघांना त्याला मोकळं करायचं असेल, तर तो कुणाचा मुलगा, कशाने गेला, त्याचं काय राहून गेलं, हे आधी शोधावं लागेल. आणि ते ठाऊक असतं पिंपळासमोरच्या घरातल्या म्हातारीला, जी परक्यांना पाहून दार लावून घेते.