बॅग घ्याल ती पट्टा बघून

बॅग हातात घेतली की आपण आधी रंग बघतो, मग कप्पे मोजतो, चेन दोनदा मागे-पुढे करून पाहतो. पट्ट्याकडे लक्ष जातं ते तो तुटल्यावर किंवा खांदा दुखायला लागल्यावर. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी बॅगा बाकी ठणठणीत असतात, पट्टा तेवढा गेलेला असतो. आमचं गिऱ्हाईक बहुतेक डोंबिवलीचं, म्हणजे रोज लोकलने जाणारं. तास-सव्वा तास उभ्याने प्रवास करणाऱ्या बाईला पट्टा चुकीचा मिळाला तर तिचा खांदा रोज दोनदा त्याची शिक्षा भोगतो. म्हणून हे पत्रक.

आधी बॅगेचं वजन करा

मध्यंतरी एका ताईंची बॅग काउंटरवरच्या काट्यावर ठेवली. लिटरची पाण्याची बाटली, स्टीलचा दोन खणांचा डबा, छत्री, चार्जर, पॉवर बँक आणि वाटेत घेतलेली अर्धा किलो भेंडी. काटा 4 किलो 300 ग्रॅमवर थांबला. पट्टा होता जेमतेम अर्ध्या इंचाचा. त्यांनी ओढणी बाजूला केली तर खांद्यावर लाल वळ उमटलेला. इतके दिवस त्या समजत होत्या की मान दुखते ती कॉम्प्युटरमुळे.

हिशोब सोपा आहे. तेच वजन दीड इंची पट्ट्यावर घेतलं तर ते खांद्याच्या तिप्पट जागेवर पसरतं आणि दाब तिसऱ्या हिश्श्यावर येतो. रोजच्या बॅगेला आम्ही सव्वा ते दीड इंच रुंदी सुचवतो. दोन इंचाच्या वर गेलात तर उतरत्या खांद्यावरून पट्टा घसरतो. मग आपण नकळत तो खांदा वर उचलून धरतो आणि मान आणखी आखडते. साखळीचा पट्टा लग्नाला, समारंभाला छान दिसतो, पण रोजच्या वापराला आम्ही तो कोणालाच सुचवत नाही.

रुंदीइतकीच कडाही महत्त्वाची. पट्ट्याची कड मनगटाच्या आतल्या बाजूवर आठ-दहा वेळा घासून बघा. तिथे टोचली तर मे महिन्याच्या घामात मानेला ती नक्की कापणार. स्वस्त प्लास्टिकच्या विणीच्या पट्ट्यांची कड अशीच असते. चांगला नायलॉन मऊ आणि टिकाऊ. सुती पट्टा अंगाला सर्वांत सुखाचा, पण पावसाळ्यात तो दिवसभर ओला राहतो आणि कुबट वास धरतो. चामडं वापराने मऊ होत जातं. पावसाळ्यात मात्र ते कपाटात कोंडू नका, बुरशी येते. आणि चामड्यासारखं दिसणारं रेक्झिन आपल्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडायला लागतं. ते घेऊ नका असं आम्ही म्हणत नाही, पण चामड्याचा भाव देऊन घेऊ नका.

साडी नेसणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. पदर आणि त्याची पिन डाव्या खांद्यावर असते, त्यामुळे खांद्यावरची बॅग उजवीकडे घेतलेली बरी. रेशमी साडीवर खरखरीत नायलॉन घासला की धागे निघतात. अशा वेळी गुळगुळीत चामडी किंवा सुती पट्टा लावा.

लांबी अंगावर मोजायची

खांद्यावर अडकवायच्या पट्ट्याला खांद्यापासून बॅगेच्या तोंडापर्यंत 9 ते 11 इंच अंतर हवं, म्हणजे कुर्त्याची बाही किंवा स्वेटर असला तरी हात सहज आत जातो. तिरक्या पट्ट्याची बॅग कमरेच्या हाडापाशी यावी. मांडीवर आपटत असेल तर पट्टा लांब आहे. चालताना प्रत्येक पावलाला ती झोका घेते आणि तो झोका खांद्याला पेलावा लागतो. कमीजास्त करता येणारा पट्टाच घ्या, कारण गाडीत शिरताना बॅग पोटाशी घ्यायची असते आणि उतरल्यावर कमरेला.

पट्टा तुटतो तो बहुधा मधे नाही, टोकाला. म्हणून टोक उलटून बघा. चौकोनात फुली मारलेली शिलाई असेल तर ती ताण चार बाजूंना वाटून घेते. नुसता एक रिव्हेट ठोकला असेल तर सगळा भार त्या एका भोकावर येतो आणि ते लांबत जातं. हुकाचंही तसंच. सोनेरी मुलामा दिलेला ओतीव हूक एका झटक्यात मोडतो. पितळी हूक आधी वाकतो, म्हणजे सूचना देतो.

बॅग हिसकावली जाते तेव्हा

इथे जरा सविस्तर बोलायचं आहे.

गर्दीत तिरका पट्टा आणि पुढे घेतलेली बॅग हे सगळ्यात चांगलं. चेनचं तोंड आपल्या अंगाकडे, एक हात बॅगेवर. मेट्रो किंवा एसी लोकलचं दार बंद होताना पट्टा मागे लोंबत नाही ना, तेवढं बघा. स्कूटरवर मागे बसताना बॅग दोघांच्या मध्ये ठेवा आणि पट्ट्याचं उरलेलं टोक खोचा. ओढणीइतकाच पट्टाही चाकात अडकतो.

रस्त्यावर बॅग नेहमी भिंतीच्या बाजूला. फूटपाथ नसेल तर उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, आणि बॅग उजव्या कमरेला घ्या. रिक्षात एकट्या असाल तर कडेला न बसता मधोमध बसा, बॅग मांडीवर घ्या, पट्टा मनगटाला गुंडाळू नका.

मनगटाला का नको? मोटरसायकलवरून कोणी पट्टा धरून ओढला आणि तो सुटला नाही, तर बॅगेबरोबर माणूसही फरफटत जातो. याच कारणाने आम्ही पट्ट्यात स्टीलची तार घालून शिवत नाही. ‘चोराने कापला तरी तुटू नये असा करून द्या’ अशी मागणी होते. त्यामागची भीती आम्हाला कळते, पण प्रत्येक वेळी आम्ही नाही म्हणतो. तसंही गर्दीतला चोर बरेचदा पट्टा न कापता बॅगेच्या बुडाला ब्लेड मारतो. बुडाला जाड कापडाचं दुहेरी अस्तर हवं असेल तर ते आम्ही आनंदाने लावून देऊ.

एकट्याने पायी जायचं असेल, वाट सुनसान असेल, तर पट्टा तिरका न घेता एका खांद्यावर, भिंतीच्या बाजूला घ्या. ओढला गेला तर सोडून द्या. हे सोपं व्हावं म्हणून घराची किल्ली, थोडे पैसे आणि रेल्वेचा पास बॅगेत न ठेवता कुर्त्याच्या खिशात ठेवा. खिसा नसेल तर शिंप्याकडून लावून घ्या.

तसा प्रसंग आलाच तर 112 वर फोन करा. रेल्वेत असाल तर 139. तक्रार लिहिताना ‘बॅग हरवली’ असं लिहू देऊ नका. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला कलम 304 आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फोन गेला असेल तर केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरून तो बंद करता येतो. त्यासाठी फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. *#06# दाबलं की तो दिसतो. आजच बघून घरच्या डायरीत लिहून ठेवा.

आमच्याकडे येताना

पट्टा बदलायला येताना बॅग रोजच्यासारखी भरून आणा, रिकामी नको. पायात रोजची चप्पल, अंगावर रोजचे कपडे असू द्या. टेप आम्ही तुमच्या खांद्यावरूनच लावतो. जुना पट्टाही आणा. त्यावर झीज कुठे झाली आहे ते बघून तुम्ही बॅग कोणत्या खांद्यावर घेता, ओढ कुठे पडते हे कळतं, आणि नव्या पट्ट्याला नेमकं तिथेच जास्तीचं अस्तर देता येतं.