निपाणीच्या स्टँडवरून दोन वाटा

कर्नाटकातल्या निपाणीच्या स्टँडवरून महाराष्ट्रातलं कोल्हापूर 40 किलोमीटरच्या आसपास, आपल्याच राज्यातलं बेळगाव 75 च्या. बारावी झालेली पोरं यातली एक गाडी पकडतात. त्या वेळी डोक्यात फी असते, खोलीभाडं असतं, मावशी कुठल्या गावात राहते तेही असतं. पुढं चार जण मिळून संशोधन करायला, एखादी कल्पना घेऊन स्पर्धेत उतरायला आपल्याला कुठलं दार उघडं मिळणार, तेही त्याच तिकिटावर ठरून जातं. हे मात्र कुणी सांगत नाही.

दोन वाटा कायमच्या नव्हत्या. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं. पदवी घ्यायची तर आधी धारवाडचं कर्नाटक कॉलेज (1917) नाहीतर सांगलीचं विलिंग्डन (1919). मग बेळगावातच 1933 ला लिंगराज आणि 1945 ला राणी पार्वती देवी कॉलेज निघालं. या सगळ्यांचे पेपर मुंबई विद्यापीठाचे. 1949 ला कर्नाटक विद्यापीठ झालं, 1956 ला राज्यरचनेत बेळगाव-निपाणी आजच्या कर्नाटकात गेली, 1962 ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. महाराष्ट्रातलं कागल आणि इकडचं निपाणी, एका बाजारात भाजी घेणारी गावं, तेरा वर्षांच्या आत दोन वेगळ्या विद्यापीठांच्या हद्दीत गेली. महाराष्ट्रानं पुढं कर्नाटकातल्या 865 सीमावर्ती गावांवरचा हक्क प्रवेश अर्जातही जिवंत ठेवला. तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी 'टाइप ई' नावाचा प्रकार आहे. आमच्याकडं कित्येक घरांत आई-वडिलांना त्या 'ई'चा अर्थ मुलांपेक्षा जास्त नीट माहीत असतो.

पदवीच्या पोरांनी संशोधन करावं, त्याला सरकारनं पैसे द्यावेत, ही कल्पना कर्नाटकात तशी लवकर आली. 1975 ला बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात राज्याची विज्ञान आणि तंत्रज्ञान परिषद सुरू झाली. त्याच संस्थेत 'अस्त्र' नावाचा गट खेड्यातल्या चुलींवर आणि बायोगॅसवर काम करत होता. शास्त्रज्ञानं खेड्याकडं बघायचे ते दिवस. परिषदेनं 1977 च्या सुमारास इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना मदत द्यायला सुरुवात केली. रक्कम काही हजारांची, पण निवड झाली की सगळ्या राज्यातून आलेल्या पोरांसमोर काम मांडायला मिळतं. योजना अजून चालू आहे. माझ्या मते गाजावाजा करून आलेल्या नंतरच्या अनेक योजनांपेक्षा ती जास्त कामाची.

दोनच वर्षांनी, 1979 ला, बेळगावात गोगटे इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, ते उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीला लागून. बेळगावचं ओतकाम तेव्हाही नावाजलेलं होतं. फाउंड्रीत शिरलं की आधी काळी वाळू दिसते. तिच्यात बेंटोनाइटची माती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते. पाणी जरा जास्त झालं की तापलेला रस पडताच वाफ धरते, आणि तिला बाहेर जायला वाट नसली की कास्टिंगच्या पोटात भोक राहतं. जुना मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, वाळूची मूठ आवळतो, मधोमध मोडतो, कडा बघतो आणि सांगतो, "अजून कोरडी आहे." कॉलेजची पोरं ओलावा मोजायचं यंत्र घेऊन येतात. दोन्ही उत्तरं जुळली की मोल्डर हसतो, नाही जुळली तरी हसतो.

जळून निकामी झालेली वाळू शेडमागं ढिगानं पडते. ती काँक्रीटमध्ये, पेव्हर ब्लॉकमध्ये किती टक्के चालेल, हा आमच्याकडच्या सिव्हिलच्या पोरांचा ठरलेला विषय. विषय खरा आहे, अडचण मुदतीची आहे. पोरांचा सेमिस्टर चार महिन्यांत संपतो, मालकाची वाळू बारा महिने पडत असते. आमच्या बॅचमधल्या काहींनी तेवढीही तसदी घेतली नाही. एका दुकानातून तयार प्रोजेक्ट आणला, वर स्वतःची नावं चिकटवली, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याचंच कौतुक केलं. ती दुकानं अजून जोरात आहेत.

1998 ला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आलं. राज्यभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं मुख्यालय बेळगावाजवळच्या मच्छेत. बेळगावला मान मिळाला, पण पोरांचे धागे मंगळूर-म्हैसूरकडं जुळले. 20 किलोमीटरच्या आत असलेली शिनोळी, जिथं आपल्याच लोकांनी फाउंड्र्या टाकल्यात, ती महाराष्ट्रात असल्यामुळं कागदावर लांबची झाली.

वैद्यकीय बाजूला गोष्ट वेगळी घडली. इथलं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज 1963 चं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं आणि ते देणारा हात शिकलेला लागतो. खेड्यात दोन्हीची वानवा. इथल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर मिळून बेळगाव जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नर्सबाईंच्या हाती मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. 1620 बायकांवरच्या या चाचणीत रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं, आणि 2006 ला ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. प्रश्न खेड्यातला, काम करणारी आपली नर्सबाई, सोबती सातासमुद्रापलीकडचे. सीमेपलीकडच्या चंदगडपेक्षा अमेरिका जवळची ठरली, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याच 2006 च्या आसपास महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत 'आविष्कार' सुरू झालं: कॉलेजपासून राज्यापर्यंत चढत जाणारी विद्यार्थी संशोधनाची स्पर्धा, फक्त त्या राज्यातल्या विद्यापीठांसाठी. 2010 ला बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, त्याचे विद्यार्थी त्यात नाहीत. 2017 ची स्मार्ट इंडिया हॅकेथॉन ही विद्यार्थ्यांच्या कल्पनांची स्पर्धा देशाची म्हणून आली, पण सहा जणांचा गट एकाच कॉलेजातला हवा. म्हणजे तिथंही निपाणीची मावसबहीण आणि कागलचा मावसभाऊ एका गटात बसत नाहीत.

अलीकडं फट आणखी रुंदावली. नव्या शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा पदवीक्रम कर्नाटकानं 2021 ला सगळ्यांच्या आधी उचलला आणि 2024 ला सोडून पुन्हा तीन वर्षांवर आला. महाराष्ट्रात संशोधनासह चौथं वर्ष राहिलं. तो नियम चांगला की वाईट हा वाद वेगळा. आमच्या पोरांच्या वाट्याला आला तो एवढाच फरक, की संशोधनाचं ते वर्ष सीमेच्या एका अंगाला आहे आणि दुसऱ्या अंगाला नाही.

वेदगंगा नदी महाराष्ट्रातल्या मुरगुडावरून येते आणि निपाणीजवळच्या यमगर्णीला महामार्गाखालून जाते. 2019 आणि 2021 ला ती महामार्गावरूनच गेली, बेंगळुरू-पुणे वाहतूक ठप्प झाली. उद्या मुरगुडच्या पोरानं तिची पातळी रोज मोजली तर तो तक्ता आविष्कारला जाईल. यमगर्णीच्या पोरीनं मोजली तर बेंगळुरूच्या परिषदेला. पाणी मुरगुडहून निघाल्यावर यमगर्णीला किती तासांनी चढतं, हे सांगायला दोन्ही तक्ते शेजारी ठेवावे लागतात, आणि तसा अर्ज भरायचा रकाना अजून एकाही फॉर्मवर नाही.