तंबाखूच्या पाईपचा स्टेम गरम असताना काढू नका (आणि पाईप दुरुस्तीला देण्याआधी एवढं वाचा)

आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी, नाशिकचे आणि कुरिअरने पाठवणारे दोघंही

दुकानात आणि फोनवर सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच, आणि तीही स्टेमची, म्हणजे पाईपची जी नळी तोंडात धरतात तिची, "स्टेम काढत होतो, कट्‌कन आवाज झाला आणि तुटला, काल तर चांगला होता." आणि लगेच पुढचा प्रश्न, आज दिला तर उद्या मिळेल ना? नाही मिळणार. का नाही मिळणार ते नीट कळावं म्हणून हे पत्रक छापलंय, कारण प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसलं की हातातलं काम राहतं आणि ज्यांचे पाईप आधीपासून नंबरात आहेत त्यांना उशीर होतो.

तुम्ही पाईप ओढता म्हणजे बाऊल (तंबाखू भरायची वाटी) कुठला, शँक (बाऊलमधून निघणारी लाकडी दांडी) कुठली, स्टेम कुठला हे तुम्हाला सांगायला नको. फक्त एक नाव लक्षात ठेवा, टेनन. स्टेमच्या टोकाला जी बारीक गोल नळी शँकच्या भोकात जाऊन बसते ती. आमच्याकडे येणारं निम्म्याहून जास्त काम त्या एवढ्याशा नळीचंच असतं.

आता ती का तुटते? पाईपचं लाकूड ब्रायरचं, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूला वाढणाऱ्या झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते तिचं. ते उष्णता फार छान सहन करतं. स्टेम मात्र व्हल्कनाईटचा असतो, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, नाहीतर मग ॲक्रिलिकचा. पाईप तापला की रबर आणि ॲक्रिलिक लाकडापेक्षा जास्त प्रसरण पावतात, त्यात धुरातली वाफ बरोबर त्याच सांध्यात गार होऊन पाणी साचतं आणि लाकूड ओल धरतं, म्हणजे दोन्हीकडून सांधा आवळला जातो. त्यात तुम्ही बाऊल मुठीत धरून स्टेमला पीळ देता. सगळा जोर टेननच्या मुळाशी येतो आणि तिथेच तो तुटतो, किंवा टेनन टिकला तर शँक उभी तडकते, जे त्याहून वाईट. तोच पाईप गार होऊ दिला असता तर दोन बोटांनी निघाला असता.

९ एमएम फिल्टरचे पाईप ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तर फारच जपा. फिल्टर मावावा म्हणून टेनन आतून मोठा पोखरलेला असतो, भिंत अगदी पातळ राहते.

काही जण म्हणतात माझा पीटरसन (त्या आयरिश कंपनीचा पाईप) मी गरम असतानाच काढतो, काही होत नाही. पीटरसनच्या बऱ्याच पाईपांच्या बाबतीत ते बरोबर आहे, कारण त्यांची रचनाच वेगळी आहे. त्या रचनेला आर्मी माउंट म्हणतात, शँकच्या तोंडाला धातूची टोपी असते आणि स्टेम निमुळता, नुसता दाबून बसवलेला असतो, टेनन वेगळा नसतोच. पण एकाच घरात असा एक पाईप आणि साधे तीन पाईप असले की हाताला सवय पीटरसनची लागते आणि तुटतो दुसराच. देवळालीकडच्या आमच्या जुन्या ग्राहकांमध्ये हे बऱ्याचदा होतं, त्यांच्याकडे आर्मी माउंटवाले पाईप बरेच आहेत.

गरम असताना काढावासा का वाटतो

कारण पाईप गुळगुळ वाजायला लागतो. तोंडात कडू पाणी येतं, मग माणूस वैतागून स्टेम उपटतो आणि झटकतो. म्हणजे खरा प्रॉब्लेम तंबाखूच्या ओलीचा आहे, तुटतो मात्र स्टेम.

आमचे ग्राहक एकमेकांना भेटले की आज कुठली तंबाखू भरली, कुठल्या पाईपमध्ये भरली हेच बोलतात, आणि ते ऐकायला आम्हालाही आवडतं (दुकानात ओढू देत नाही, ते सगळ्यांना माहितीय). कुणी सकाळी चहानंतर व्हर्जिनिया फ्लेक घेतं, कुणाचं दुपारचं बर्ली ठरलेलं, रात्री जेवण झाल्यावर लटाकिया घातलेलं इंग्लिश मिक्स्चर, आणि घरच्यांना वास चालावा म्हणून व्हॅनिलाचं ॲरोमॅटिक ओढणारे तर पुष्कळ. प्रत्येकाचं गणित वेगळं आणि त्यात आम्ही पडत नाही. पण ओलीच्या बाबतीत हे सगळे सारखे नाहीत.

ॲरोमॅटिकमध्ये ओल धरून ठेवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं, त्यामुळे ते कितीही पसरून ठेवलं तरी पूर्ण कोरडं वाटत नाही, आणि गुळगुळ सगळ्यात जास्त त्यातच. फ्लेक म्हणजे दाबून कापलेल्या वड्या, त्या डब्यातून काढून तशाच कोंबल्या तर आतून ओल्याच राहतात, बोटांनी मोकळ्या करून कागदावर पसरा. किती वेळ ते आपल्या नाशिकच्या हवेवर आहे. एप्रिल-मे मध्ये थोड्या वेळात चुरा होईल एवढी सुकते, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारभर ठेवली तरी तशीच. त्यामुळे घड्याळ बघू नका, चिमटीत धरून दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे, हळूहळू उलगडली तर भरा, कुरकुर वाजून तुटली तर जास्त सुकली.

आणि सावकाश ओढा. भराभर ओढलं की बाऊल तापतो, वाफ जास्त होते, जीभ भाजते ती वेगळीच, व्हर्जिनियात साखर जास्त असल्यामुळे त्यात तर हमखास.

एवढं करूनही वाजलाच तर स्टेम जागेवरच राहू द्या आणि तोंडाकडून पाईप क्लीनर (सूत गुंडाळलेली बारीक तार) आत सरकवा, सांध्यापर्यंत गेला की क्षणभर थांबा, पाणी शोषून घेईल, बाहेर काढा, परत ओढा. बस्स. वाकड्या पाईपमध्ये क्लीनर सांध्याला अडकतो अशी तक्रार असते, तर त्याचं टोक एवढंसं वाकवून घाला आणि घालताना फिरवा, बहुतेक पाईपमध्ये जातो. जात नसेल तर घेऊन या, कधीकधी टेननचं तोंड आतून थोडं उतरतं करून दिलं की कायमचा त्रास जातो, आणि हे काम आम्ही तुमच्यासमोर करून देतो.

स्टेम काढायची वेळ दुसऱ्या दिवशी. पाईप हाताला पूर्ण गार लागला पाहिजे. एका हाताने शँक धरायची, बाऊल नाही, शँक, अगदी सांध्याजवळ. दुसऱ्या हाताने स्टेम घड्याळाच्या दिशेने फिरवत सरळ रेषेत ओढायचा. वर-खाली हलवायचा नाही. परत बसवतानाही तसंच फिरवत. गार असूनही निघत नसेल तर जोर करू नका, तसाच आमच्याकडे आणा. आम्ही तो थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवतो, स्टेम आकसतो आणि निघतो. घरी करायला हरकत नाही, फक्त पिशवीत घालून ठेवा म्हणजे फ्रीजला वास लागणार नाही.

तुटलाच तर फेविक्विक नको

ही कळकळीची विनंती आहे. टेनन तुटला की लोक घरातली फेविक्विक काढतात. त्या जागी पीळ बसत असल्यामुळे असा जोड टिकत नाही, आणि ते पातळ असल्यामुळे धुराच्या भोकात उतरतं, शँकच्या लाकडात मुरतं आणि दगड होतं. न चिकटवलेला तुकडा आम्ही भोकात बारीक स्क्रू हाताने फिरवून धरतो आणि अख्खा ओढून काढतो, लाकडाला ओरखडा येत नाही. चिकटवलेला तुकडा ड्रिलने थोडा थोडा खरवडून काढावा लागतो, आणि शँकची भिंत तिथे इतकी कमी असते की हात जरा सरकला तर पाईप गेला. म्हणून फेविक्विक लावलेल्या पाईपला आम्ही वेगळा चार्ज घेतो आणि वेळही जास्त लागतो. ग्राहक यावर वाद घालतात पण ते काम बाजूला बसून बघितलं की घालत नाहीत.

नवा टेनन बसवणं म्हणजे काय ते पण सांगतो, कारण "एवढ्याशा नळीचे ९०० रुपये?" हे पण ऐकावं लागतं. स्टेमवरचा तुटका भाग घासून सपाट करायचा. मग लेथवर स्टेमच्या बरोबर मधोमध भोक घ्यायचं, जुन्या धुराच्या वाटेला धरून. ते केसभर जरी तिरकं गेलं तरी स्टेम शँकला नीट टेकत नाही, एका बाजूला फट दिसते. मग डेलरिनच्या रॉडमधून टेनन लेथवर कातायचा, हे प्लास्टिक गुळगुळीत असतं, थोडं लवतं आणि सहजासहजी तुटत नाही, म्हणून तेच वापरतो. तो प्रत्येक शँकच्या मापाने करावा लागतो, रेडिमेड माप चालत नाही. शेवटी इपॉक्सीने बसवून रात्रभर ठेवायचा. एकदा हा टेनन बसला की कंपनीच्या टेननपेक्षा तो जास्त दणकट असतो हे आम्ही खात्रीने सांगतो, आणि आम्ही बसवलेला टेनन वर्षभरात सैल झाला तर परत फिट करून द्यायचे पैसे घेत नाही.

शँक तडकली असेल तर चिरेच्या टोकाला सुईएवढं भोक घेऊन चीर तिथे थांबवतो, जोडतो आणि वर पितळेची रिंग चढवतो. चांदीची हवी असेल तर सराफ बाजारातल्या कारागिराकडून करून घेतो, दिसते सुंदर, दर त्या दिवशीच्या भावाने. रिंगखाली शँकवरचा कंपनीचा शिक्का झाकला जाणार असेल तर आधी विचारूनच करतो.

शिक्क्यावरून आठवलं. आजोबांचा, वडिलांचा पाईप आणून "नव्यासारखा चकाचक करा" म्हणणाऱ्यांना आम्ही शिक्क्याच्या जागी बफ लावून देत नाही, कितीही सांगितलं तरी. डनहिल कंपनीच्या पाईपच्या शँकवरच्या आकड्यावरून तो कुठल्या वर्षाचा ते काढता येतं, पीटरसनच्या चांदीच्या पट्टीवर डब्लिनचा हॉलमार्क असतो. ते घासून गेलं की पाईपची ओळख गेली, आणि परत आणता येत नाही. स्टेम हिरवट-तपकिरी झाला असेल आणि तोंडात गंधकासारखी चव येत असेल तर ते व्हल्कनाईट उन्हाने ऑक्सिडाईझ झालेलं असतं, ते पूर्ण काळं करून देतो. नंतर पाईप खिडकीत ठेवू नका.

आवडता पाईप जास्त तुटतो

हे आमच्या बघण्यातलं आहे. घरात सहा पाईप असतात पण सकाळ, दुपार, संध्याकाळ तोच एक, आणि त्यातच दर वेळी वेगळी तंबाखू. मग आधीची चव जावी म्हणून तो दोन ओढण्यांच्या मधे खोलून साफ केला जातो, म्हणजे गरमच. त्या लाकडाला सुकायला वेळच मिळत नाही. ओढून झाला की क्लीनर आत ठेवून निदान एक दिवस आराम द्या, बैल सुद्धा रोज दोन्ही वेळा नांगराला लावत नाहीत.

आणि लटाकियासाठी एक पाईप वेगळाच ठेवा. ती पानं धुरी देऊन सुकवलेली असतात आणि तो धुरकट वास लाकडात असा बसतो की नंतर भरलेली हलकी व्हर्जिनिया सुद्धा लटाकियासारखी लागते. लुईझियानाची पेरीक तंबाखू मिसळलेली मिक्स्चर्स त्या मानाने एवढा त्रास देत नाहीत. नवीन काही चाखून बघायचं तर मक्याच्या कणसाचा पाईप घ्या, अमेरिकेत मिसुरीला १८६९ पासून बनतात, स्वस्त असतात आणि चांगल्या पाईपची चव बिघडत नाही. आमच्याकडे असतात. तसेच दुरुस्त आणि निर्जंतुक केलेले जुने ब्रायरही असतात, दुसरा पाईप म्हणून त्यातला एक घेतलात तर पहिल्याचं आयुष्य नक्की वाढेल.

बाऊलच्या आतला काळा थर चाकूने खरवडून लाकूड उघडं पाडू नका, रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढा राहू द्या, तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो. त्याहून जाड झाला तर मात्र कमी करायलाच हवा, तापून फुगतो आणि बाऊल फोडतो. मीरशॉमला (मऊ पांढऱ्या खनिजाच्या पाईपला) हे लागू नाही, त्यात थर जमूच द्यायचा नाही आणि स्पिरिट अजिबात लावायचं नाही.

तंबाखू आम्ही विकत नाही, कुठे मिळेल तेही सांगत नाही, आणि १८ वर्षांखालच्या कुणाचंही काम घेत नाही. छातीत घेत नाही म्हणजे पाईपने काही होत नाही असं समजणाऱ्यांना एवढंच की तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर पाईपनेही होतो, तेव्हा ठरवून आणि कमी ओढा, आणि सोडायचं मनात असेल तर पाईप स्वच्छ करून आठवण म्हणून ठेवायलाही आम्ही करून देतो.

पाठवताना: साध्या कामाला दोन ते तीन आठवडे, पावसाळ्यात थोडे जास्त, कारण लाकूड वाळल्याशिवाय आम्ही माप घेत नाही. पाईप आदल्या दिवशी ओढू नका, राख काढा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका कारण ओल राहिली तर बुरशी धरते, कापडात गुंडाळून खोक्यात घाला. तुटलेला तुकडा कितीही बारीक असला तरी सोबत पाठवा, माप त्यावरूनच मिळतं. चिठ्ठीवर तुमचं नाव, फोन, त्या पाईपमध्ये शक्यतो कुठली तंबाखू भरता ते, आणि फेविक्विक लावली असेल तर ते लिहा.