आवारपूरची ‘एलएनटी’ नेमकी कुठून आली

चंद्रपूर (जुना चांदा) जिल्ह्यात कोरपना-गडचांदूरकडं आवारपूरच्या सिमेंट कारखान्याला जुनी माणसं अजूनही एलएनटीच (लार्सन अँड टुब्रो) म्हणतात, बोर्डावर अल्ट्राटेक येऊन वीसएक वर्षं झाली तरी. त्यामुळं नव्या पोरांना वाटतं एलएनटी म्हणजे सिमेंटवाली कंपनी. पण ती मुळात इंजिनिअरिंग अन् बांधकामातली, सिमेंट तिच्या आयुष्यातला मधला काळ होता.

हेनिंग होल्क-लार्सन अन् सोरेन टुब्रो हे डेन्मार्कचे दोन इंजिनिअर. सिमेंट कारखान्याची मशिनरी बनवणाऱ्या एफएलस्मिथच्या कामानं इकडं आले अन् १९३८ मध्ये मुंबईत स्वतःची फर्म काढली, डेन्मार्कवरून डेअरीची यंत्रं मागवायची अन् इथं विकायची. १९४० मध्ये जर्मनीनं डेन्मार्क घेतला, माल येणं बंद, मग छोटं वर्कशॉप टाकून इथंच बनवायला लागले, युद्धात जहाजं दुरुस्त केली. माझ्या मते कंपनी खरी घडली ती तेव्हाच, विकणारे होते ते बनवणारे झाले. १९४४ मध्ये बांधकामासाठी ईसीसी (इंजिनिअरिंग कन्स्ट्रक्शन कॉर्पोरेशन) ही वेगळी कंपनी काढली, १९४६ मध्ये फर्मची रीतसर कंपनी झाली.

आपल्याकडं ती आली चुनखडीसाठी. एक टन क्लिंकरला (भट्टीतून निघणारे खडे, ते दळून सिमेंट होतं) साधारण दीड टन चुनखडी लागते, एवढा दगड दूर वाहून नेणं परवडत नाही, म्हणून कारखानाच खाणीजवळ येतो, अन् भट्टीला लागणारा कोळसा वर्धा खोऱ्यात बाजूलाच. १९८३ मध्ये कपाशीच्या वावरांमधी आवारपूरचा प्लांट सुरू झाला. ज्यांनी सिमेंटची मशिनरी विकायला भारत गाठला त्यांचीच कंपनी चांद्यात सिमेंट बनवायला लागली, मला तर याचं लय अप्रूप वाटतं.

२००४ मध्ये सिमेंटचा धंदा वेगळा काढून बिर्ला ग्रुपकडं गेला, त्याचंच अल्ट्राटेक झालं. एलएनटीकडं राहिलं इंजिनिअरिंग अन् बांधकाम. दिल्लीचं लोटस टेंपल त्यांनीच बांधलं, केवडियाचा १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळाही.

मोठं काम टेंडरनं मिळतं, बऱ्याच वेळा डिझाइन, खरेदी अन् बांधकाम सगळं एकाच ऑर्डरमध्ये, बिल निघतं ते काम पुरं होईल तसतसं. साइटवर इंजिनिअर, सर्व्हेअर, सेफ्टीवाले कंपनीचे, अन् सेंट्रिंग, लोखंड बांधणी, काँक्रीटचे मजूर बहुतेक ठेकेदारामार्फत. याच कामांचं ट्रेनिंग द्यायला कंपनीच्या स्वतःच्या संस्थाही आहेत, एक पनवेलला आहे, गावातल्या कामाच्या शोधातल्या पोरांनी तिथं चौकशी करावी.