युद्धात उद्ध्वस्त झालेला शहरगाभा आणि जागतिक वारसा नामांकन: पात्रता, कागदपत्रे व प्रक्रिया

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीसाठी महापालिकेला, संस्थेला किंवा नागरिकांना थेट अर्ज करता येत नाही. १९७२ च्या जागतिक वारसा करारात सामील असलेल्या देशाच्या सरकारनेच तो करायचा असतो आणि स्थळाचे नाव किमान वर्षभर आधी त्या देशाच्या संभाव्य यादीत, म्हणजे पुढे नामांकन करायच्या स्थळांच्या यादीत, असावे लागते. महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी असे बारा मराठा किल्ले २०२५ मध्ये याच मार्गाने यादीत गेले.

पुन्हा बांधलेल्या वस्तीच्या बाबतीत मात्र अस्सलपणाची अट फार कडक आहे. पुनर्बांधणी अपवादात्मक परिस्थितीतच ग्राह्य धरली जाते आणि तीही संपूर्ण, तपशीलवार नोंदींवर आधारलेली असावी लागते. तर्काने भरलेली एकही जागा चालत नाही. वॉर्सातील जुन्या शहराचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाला होता. तो उभारताना युद्धापूर्वी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी केलेली मोजमापे, तसेच अठराव्या शतकातील चित्रकार बेलोत्तो याची शहरदृश्ये उपयोगी पडली आणि १९८० मध्ये त्याची नोंद झाली. बोस्नियातील मोस्तार शहराचा १९९३ मध्ये पाडला गेलेला पूल २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. तो परिसर २००५ मध्ये जागतिक वारशाच्या निकषांपैकी केवळ सहाव्या, म्हणजे घटना, परंपरा व विचार यांच्याशी असलेल्या नात्याच्या निकषावर स्वीकारला गेला. म्हणून जुने नकाशे, मोजणीपत्रके आणि छायाचित्रे गोळा करणे हेच, माझ्या मते, सर्वांत तातडीचे काम आहे; बाकीची कागदपत्रे नंतरही तयार करता येतात.

त्या बाकीच्या कागदपत्रांत हद्दीचे व बफर क्षेत्राचे (स्थळाभोवतीच्या संरक्षक पट्ट्याचे) नकाशे, तत्सम स्थळांशी तुलना, कायदेशीर संरक्षणाचे पुरावे आणि व्यवस्थापन आराखडा येतो. परतणारे रहिवासी, कारागीर आणि बाजार यांचे स्थान याच आराखड्यात स्पष्ट करावे, नाहीतर दर्शनी भिंती उभ्या राहतात आणि वस्ती परतत नाही.

प्राथमिक मूल्यांकनाची विनंती १५ सप्टेंबरपर्यंत, तर पूर्ण नामांकन १ फेब्रुवारीपर्यंत इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये सादर करावे लागते. त्यानंतर इकोमॉस ही सल्लागार संस्था स्थळाची पाहणी करते आणि अंतिम निर्णय २१ सदस्यांची जागतिक वारसा समिती घेते.

युद्ध सुरू असतानाच स्थळाला धोका असेल, तर तातडीच्या प्रक्रियेत हे वेळापत्रक लागू होत नाही. युक्रेनमधील ओडेसाचे ऐतिहासिक केंद्र जानेवारी २०२३ मध्ये असेच नोंदले गेले आणि त्याच वेळी धोक्यातील वारशाच्या यादीतही दाखल झाले.