वस्तीची हवा, वस्तीचे मोजमाप

शहराची हवा ठीक असल्याचे हवा मोजणाऱ्या सरकारी केंद्राचा आकडा सांगत असतो आणि त्याच वेळी मालमोटारींच्या रस्त्याला खेटून राहणारी माणसे खोकत असतात. यात कोणीच खोटे बोलत नसते. प्रमाणित केंद्रे महाग असल्याने मोजकीच असतात आणि त्यांतील बरीचशी मोठ्या परिसराची सर्वसाधारण स्थिती कळावी अशा बेताने उभारलेली असतात. प्रदूषण मात्र असे समप्रमाणात पसरत नाही. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात मोजणी यंत्रे बसवलेल्या मोटारी फिरवून केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काही प्रदूषकांचे प्रमाण एकाच गल्लीत ५ ते ८ पटींपर्यंत बदलत असल्याचे आढळले.

ही उणीव रहिवाशांनी फार आधी ओळखली होती. १९९०च्या दशकात त्याच राज्यातील तेलशुद्धीकरण कारखान्यांलगतचे लोक, उग्र वास सुटताच प्लॅस्टिकच्या बादलीत बसवलेल्या खास पिशवीत हवा भरून ती प्रयोगशाळेत धाडू लागले. आज बादलीच्या जागी हातात मावणारे सेन्सर आले आहेत.

सेन्सरमधला छोटा पंखा हवा आत ओढतो. ती लेसरच्या किरणासमोरून जाताना तिच्यातील कणांमुळे प्रकाश विखुरतो आणि त्या विखुरलेल्या प्रकाशावरून कणांची संख्या व आकार यांचा अंदाज बांधला जातो. वजन होतच नाही. मायक्रोग्रॅममध्ये दिसणारा आकडा हा गणिती तर्क असतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, अधिक प्रकाश विखुरतात आणि धुक्याच्या सकाळी पीएम २.५चे, म्हणजे २.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून लहान कणांचे, प्रमाण आहे त्याहून बरेच जास्त दिसते. उलट, सुमारे ०.३ मायक्रॉनहून लहान कण या यंत्राला जवळजवळ दिसत नाहीत आणि जाडी धूळही नीट मोजली जात नाही. त्यामुळे बांधकामाची किंवा खाणीची धूळ हेच दुखणे असेल, तर हा सेन्सर घेऊ नये हे उत्तम.

म्हणून वस्तीत लावण्यापूर्वी सगळे सेन्सर काही आठवडे प्रमाणित केंद्राशेजारी ठेवून दोन्हींची वाचने ताडून पाहावी लागतात आणि आर्द्रता धरून दुरुस्तीचे सूत्र ठरवावे लागते. हे काम कंटाळवाणे खरे. पण ते टाळले, तर पुढे जमलेली सारी माहिती पहिल्याच आक्षेपाला कोसळते.

सेन्सर कुठे लावायचे, हे मात्र रहिवाशांइतके कोणालाच ठाऊक नसते. मालमोटारी इंजिन चालू ठेवून कुठे थांबतात, कोणत्या वेळी धूर सोडला जातो, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यात असते. त्या वेळांची नोंद, वाऱ्याची दिशा आणि सेन्सरची वाचने एकत्र मांडली, की वारा विशिष्ट बाजूने वाहताना आकडा वारंवार चढतो का, हे तपासता येते. कॅलिफोर्नियात २०१७च्या ‘असेंब्ली बिल ६१७’ या कायद्याने प्रदूषणग्रस्त वस्त्यांतील मोजणीला आणि कृती आराखड्यांना अधिकृत चौकट दिली. वेस्ट ओकलंडचा असा आराखडा २०१९ साली मंजूर झाला, आणि तो तयार करण्यात तेथील रहिवाशांच्या संघटनेचा बरोबरीचा वाटा होता.